सखूमामींची भाकरी

केंदूर, गुरुवार संध्याकाळ. सप्ताह संपला.

आई सप्ताहाच्या पंगतीला पाच भाकरी द्यायची. त्यांची खरी किंमत म्हणजे आमचं रात्रीचं जेवण. यंदा अख्खी पंगत मी एकट्यानं दिली. माईकवर सांगितलंसुद्धा, "गावाला चूलबंद आमंत्रण! आज एकबी चूल पेटायची न्हाई!" टाळ्या पडल्या. पण माझे कान तिखट. आईच्या मैत्रीण सखूमामी मागं पुटपुटल्या, "माझी भाकर देवाला पोचायची, तीबी ह्यानं बंद केली."

तेच डोक्यात राहिलं. तिन्हीसांजेला त्यांच्या दारात गेलो.

"मामी, पंगतीला जेवला न्हाईत?"

"आधी देवाची भाकर, मग मी. बस की."

तोच काठ करपल्याचा वास, आईच्या भाकरीचा. किती वर्षांनी! एक मागावीशी वाटली, पण ती देवाची.

मामींची चूल पेटलेली होती.