माळावरची पानं हिरवीच

निफाड, ११ जानेवारी २००३, संध्याकाळ

हुश्श! माळावरची बाग वाचली. लिहितानाही खरं वाटत नाही.

पहाटे नदीकाठच्या बागेत दव गोठलं. उजाडल्यावर पाहिलं तर पानं करपून काळी पडलेली. मग माळाकडे जायचा धीरच होईना. वाइनची द्राक्षं त्या मुरमाड उतारावर लावायचा हट्ट माझा. माझे सासरे, आबा, तेव्हा म्हणाले होते, "तिथं गवत उगवत नाय." त्यानंतर ते तिकडे फिरकलेच नव्हते.

आज मात्र तेच पुढे निघाले, मी मागून. वर पोचलो तर पानं हिरवी! हात लावून पाहिली, उलटून पाहिली. हिरवीच. आबा खाली नदीकडे बघत राहिले. म्हणाले, "गार हवा पाण्यावानी खाली उतरली, पोरी. हितं थांबलीच नाय."

हे मला लावताना ठाऊक होतं का? छे! खालची जमीन आबा देईनात, म्हणून मी वर गेले.

खालचं नुकसान आहेच. पण आबांनी माळावरच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला, बिया थुंकल्या. "लय बिया हायेत," म्हणाले. मग दुसरा तोडला.