रिकाम्या खोलीचं माप

३ मार्च
घर मिळालं! दोन खोल्या, पण ओट्यावर दुपारपर्यंत ऊन. खिडकीजवळचा पलंग ठकीसाठी ठेवलाय. ठकी म्हणजे माझी लेक, सात वर्षांची, तोंडाचा पट्टा सदा चालू. पंधरवड्यात ताई तिला घेऊन येईल. तोवर नोकरीत रुळायचं. प्रयोगशाळेत यंत्र सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे काका म्हणतात. त्यांनी चहा ओतताना विचारलं, बाई, साखर किती आणि क्ष-किरणांची भीती किती? मी म्हटलं, दोन्ही अर्धा चमचा.

५ मार्च
हे काम मला फार आवडतं. शिशाच्या खोलीत नमुना ठेवायचा, कोणी आत राहिलं नाही ना म्हणून हाक मारायची, दार लावायचं आणि किरण सोडायचा. प्रत्येक मूलद्रव्याची एक ठरलेली ऊर्जा असते, तिला आम्ही कड म्हणतो. किरणाची ऊर्जा तिथवर आणली की अणू जागा झाल्यासारखा तो किरण गिळतो आणि जरा कमी ऊर्जेचा परत टाकतो. मधला फरक नमुन्यातच राहतो. त्यावरून आतलं कळतं. लेकरू ‘काही नाही’ म्हणालं, तरी त्याने किती गिळलंय ते आईला कळतंच की!

एक गोष्ट खटकली. इथे प्रत्येक मापातून रिकाम्या खोलीचं, म्हणजे नमुना न ठेवता घेतलेलं, माप वजा करतात, आणि ते अकरा वर्षांपूर्वीचं आहे. नवं घेऊ म्हटलं, तर काका म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची.

८ मार्च
काका रजेवर आहेत. मी रिकाम्या खोलीचं माप घेतलं. आलेखात कॅल्शियमच्या कडेशी ठळक उंचवटा! कड सोडली की काही नाही. नमुना ठेवायची पट्टी पुसली, बदलली, शेवटी काढूनच टाकली. उंचवटा तिथेच. आकार थेट हाडाच्या नमुन्याचा येतो तसा. पुन्हा मोजलं. चैन पडेना, पुन्हा.

१२ मार्च
चार दिवसांत साठ मापं. मापागणिक उंचवटा वाढतोय. आज पायरीवर नुसता हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून वय दोनदा विचारलं. मी त्रेचाळीस वर्षांची, हाडं ऐंशीची. डाव्या हाताने लिहितेय.

१४ मार्च
काका परतले. प्लास्टर पाहताच सांगू लागले. पूर्वी ते माप घेणाऱ्या बाईंचंही मनगट असंच — त्यांनी एकदाच घेतलं होतं. म्हणून पुन्हा कोणी घेत नाही. जो फरक राहतो तो तिथे कोणीतरी खातं, तुम्ही त्याला साठ वेळा जेवू घातलंत, म्हणाले. किरण बंद केला. तरी मोजणी चालूच, उंचवटा वाढतोच. ताईला फोन केला, येऊ नका. त्या दोघी गाडीत बसल्या होत्या.

१५ मार्च
ठकी आली. मिठीतच म्हणाली, आई, दात हलतोय. जेवणापर्यंत दोन पडले. खुशीत तळहातावर धरून दाखवले — खडूसारखे चुरले. काकांचा फोन. दात पडले त्याच वेळी उंचवटा वाढला —

१६ मार्च, सकाळ
ताईने तिला पहाटेच गाडीने दूर नेलं. तीन तास. वाटेत आणखी चार दात. एक दाढ. अंतराने काही फरक नाही. परत आणतेय. ठकी आता बोलत नाही म्हणे.

दुपार
माझं उरलंसुरलं घे, तिला सोड. दुसरं काही सुचत नाही. मला आत बसवून किरण सोडायला काका तयार होईनात. मी पाया पडले. दार लावण्याआधी नियमाप्रमाणे त्यांनी हाक मारली, कोणी आहे का आत? मी म्हटलं, आहे. त्यांना रडू आवरेना.

आत
थंड आहे. किरण सुरू झालाय — अंगाला काहीच जाणवत नाही. दाराच्या काचेतून काका नकाराची मान हलवतात. उंचवटा उतरत नाही. त्याला मी नको. माझ्यात उरलंच काय — काचेपलीकडे ताई आली. ठकीला खाली ठेवलं तिने. हात हलवतेय माझी पोर — गुडघ्यावर बसली. ताई उठवतेय. ऊठ ना गं, सोने. पाय टेक. काका, दार उघडा — तिचे पाय वाकतायत, हाडंच नसल्यासारखे — ती उभी —