उलट्या बाजूने

रूका, ४ मार्च

प्रिय बाबा,

बर्फातून नमस्कार. आईला सांग, मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघा फक्त काळानिळा झालाय, मोडलेला नाही.

लोखंडी कठड्यावरून स्कीवर घसरत जाऊन उतरताना मी कायम डावीकडे गिरकी घ्यायचे. यंदा हिवाळाभर पडत-आपटत उजवीकडची शिकले. आमच्यात रीत अशी, की निघण्याआधी गिरकीचं नाव मोठ्याने सांगायचं. कोणाची कच्ची बाजू कुठली, हे बघणाऱ्याला कळत नाही. आपण "उलट्या बाजूने" असं सांगितलं, तरच जास्त गुण.

रविवारी स्पर्धेत मी नुसतं "उजवी पाऊण गिरकी" म्हणाले. झकास जमली, पण गुण साधेच मिळाले. आमच्यातला यस्से खिदळला, "कच्ची बाजू सांगायला लाज वाटते होय गं?"

अशी तिडीक गेली डोक्यात! दुसऱ्या फेरीत अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले, "उलट्या बाजूने पाऊण गिरकी!" आणि दाणकन आपटले. गुण शून्य. तरी पुढच्या रविवारी हेच ओरडणार, हसू देत कोणाला हसायचं ते.

बाबा, तुझा उजवा हात अजून उचलला जात नाही ना? आई लिहिते, "बाबा मजेत आहे." अक्षर तिचं, शब्दही तिचेच. या पत्राचं उत्तर तिच्याकडून लिहून घेतलंस तर मी उघडणारसुद्धा नाही. तू लिही, वेडंवाकडं, चार ओळी का होईना. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिही : डाव्या हाताने.

तुझीच हट्टी,
तूली