वडप्याचे पाटील, डेव्हनशायरचे ड्यूक

भिवंडी, २ मार्च २०२५

चि. करिष्मास अनेक उत्तम आशीर्वाद.

हॉस्पिटलची ड्युटी कशी चाललीय? तुझी आई म्हणते, व्हिडिओत पोर सुकलेली दिसते. मला तर गाल वर आलेले दिसले.

यंदाही गावदेवीच्या जत्रेला मी जाणार नाही. फोनवर तू वाद घालतेस, म्हणून लिहून कळवतो. पहिला नारळ पाटलाने फोडायचा, हे खरं. पण जमीन गोडाऊनसाठी विकली आणि इथे तिसऱ्या मजल्यावर येऊन बसलो. आता कसला वडप्याचा पाटील? दोन वर्षं गेलो नाही, गावाने दुसरा मानकरी बघितला असेल. कोणत्या तोंडाने उभा राहू? विषय संपला.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो काय सांगायचा?

तुझे बाबा

एक्झेटर, डेव्हन, १६ मार्च २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

विषय संपला म्हणे! ऐका. मागच्या सुट्टीत मला इथल्या, म्हणजे डेव्हनशायरच्या (डेव्हनचंच जुनं नाव), ड्यूकचा वाडा बघायचा होता. ड्यूक म्हणजे इथला मोठा मानकरी. वॉर्डातल्या एका आजींना पत्ता विचारला, तर हसून हसून त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणाल्या, तो इथे राहतच नाही, त्याचा वाडा पार डर्बीशायरमध्ये, पिढ्यान् पिढ्या. तरी नाव डेव्हनशायरचंच!

आणि तुम्ही? वडपे रिक्षाने अर्धा तास, ट्रक आडवे आले तर तास. बाबा, त्या जमिनीच्या पैशावर मी इथवर आले. ती विकल्याची तुम्हाला लाज वाटते, तेव्हा माझीच लाज वाटते असं वाटतं मला. जा ना.

आईला नमस्कार. रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची करिष्मा

भिवंडी, १४ एप्रिल २०२५

चि. करिष्मास आशीर्वाद.

गेलो. ड्यूकसाठी नाही हो, तुझ्या त्या लाजेच्या वाक्यासाठी. वेडी कुठली, असं लिहितात का बापाला?

देवळाची झाडलोट करणारी ठकुबाई मला बघून कडाडलीच, की पाटलाचे पाय मोडले होते का. मग देवीच्या मागून तिने दोन नारळ काढले, पार वाळलेले. गावाने माझा मान कुणाला दिलाच नव्हता गं. दर जत्रेला माझा नारळ न फोडता बाजूला ठेवून दिला होता. एक तर हातात घेतला तेव्हा आतून खडखडला.

यंदाचा धरून तिन्ही फोडले. आणि तिथेच बसून रडलो, करिष्मा, सगळ्या गावासमोर.

जपून राहा. असाच लोभ ठेव, अशीच भांडत जा.

तुझे बाबा