पुलाखालचा बिशप

१५ मे
मे-माशी उठली, आता ट्राउट मासे तिच्यासाठी पाण्यावर येणार. सकाळी न्हाणीघराच्या काचेवर बसलेली दिसली. मॅलकी असता तर चहा तसाच टाकून नदीवर पळाला असता. आमच्या सगळ्या संसारात गळाची काठी त्याने धरली आणि लागलेला मासा उचलायचं जाळं मी. यंदा काठी मी धरणार. पुलाखालचा म्हातारा ट्राउट मॅलकीला शेवटपर्यंत चकवत राहिला. पोट आणि चेहरा बघून त्यानेच त्याचं नाव बिशप ठेवलं होतं. बिशप मी पकडणार. ठरलं.

१७ मे
कॉर्मक टुओही शिकवायला येतो म्हणाला. त्याचीही बायको गेली, एकटाच असतो. दुकानातली ब्रीज म्हणते, पुलाकडे जायचं तर तुझ्याच कुरणातून वाट आहे, म्हणून येतो. ब्रीजला कोणाचं चांगलं बघवत नाही. तो मला 'मिसेस' म्हणतो, पण म्हणण्यात ओलावा आहे. फाटकाची किल्ली त्याला देऊन टाकली.

२१ मे
गळावर बांधलेली माझी पिसांची माशी आधी कॉर्मकच्या टोपीत अडकली. योग म्हणायचा. नंतर नीट पडली आणि बिशपने ती चक्क तोंडात घेतली. इथला नियम लहान पोरांनाही माहीत आहे: लगेच ओढायचं नाही. 'नमो मारिया, कृपापूर्णे' एवढं म्हणायचं आणि काठी उचलायची. मी पूर्ण प्रार्थना म्हटली. आमेनपर्यंत तो माशी थुंकून गेला होता.
कॉर्मक म्हणाला, "मिसेस, त्याला गळाला लावायचंय. स्वर्गात नाही पाठवायचंय."
किती हसलो. म्हणजे, तो हसला.

२४ मे
पुन्हा आमेन. पण शाळेत सिस्टर बेनिग्नस सांगायच्या, पवित्र मातेला अर्ध्या वाक्यात सोडणारी मुलगी पुढे नवऱ्यालाही सोडते. चॅपलमधला मेणाचा वास, आमचे पांढरे मोजे, सिस्टरांची थंडगार बोटं. हे सगळं एका माशासाठी मोडू? उद्यापासून भरभर म्हणेन.

२५ मे
भरभर म्हटली. आमेन.

२९ मे
कॉर्मकने विचारलं, रविवारी पुलापाशी याल ना, तुम्हाला एक सांगायचंय. नजर चुकवत होता. मॅलकीला चालेल का, असं मनात आलं. चालेल. निळा ड्रेस इस्त्रीला काढला. ब्रीजला सहज म्हणून सांगितलं. तिने माझ्या पिशवीत एक केक फुकट टाकला. मत्सर.

१ जून, रविवार
सांगायचं होतं ते म्हणजे ऊना. डब्लिनची दंतवैद्य. बोटात नवी अंगठी. मला अहो, तिला अगं. मी घरी बांधलेली माशी कॉर्मकने तिच्या दोरीला लावली. बिशप नेमका कुठे असतो ते मिसेसना विचार, म्हणाला. मी बोट दाखवलं.
बिशप वर आला. ऊना क्षणभर थांबली आणि तिने काठी उचलली. लागला. ती प्रॉटेस्टंट आहे, तिला मध्ये काही म्हणायचं नसतं.
"मिसेस, जाळं घ्या, जाळं," कॉर्मक म्हणाला.
पाय आपोआप पाण्यात गेले, निळ्या ड्रेससकट.
जाळं मी उत्तम धरलं. ऊनाही तसं म्हणाली. बिशप जवळून तेवढा मोठा नव्हता. ऊना आता दर रविवारी येणार आहे. जाळं धराल का, कॉर्मकने विचारलं. हो म्हटलं. किल्ली त्याच्याकडेच राहू दे, परत मागणं बरं दिसत नाही.
आणि जाळं धरताना प्रार्थना पूर्ण म्हणून होते. अगदी आमेनपर्यंत.