आत्याचं मौन

सांगली, ६ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस, ब्राह्मीचा सा. न. वि. वि. जय जिनेंद्र.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं तुम्ही वाचत नाही, म्हणून हा कागद. गुणमाला आत्याच्या घरात मी रुळले. तिला जाऊन वर्ष होत आलं, तरी स्वयंपाकघरात हळदीचा वास तसाच आहे.

रशियन गोष्टी इंग्रजीत नेताना दोन शब्दांनी डोकं खाल्लंय. तिशिना म्हणजे रिकाम्या घरातली शांतता. मल्चानिये म्हणजे माणूस आहे, पण बोलत नाही. इंग्रजीवाले दोन्हीला सायलेन्सच म्हणतात.

इथं मला पहिली मिळेल असं वाटलं होतं. पण दिवस मावळायच्या आधी जेवायला बसले की आत ताटावर वाटी वाजते, दोनदा. उंदीर नाही, पाहिलं. हसू नका.

तुमची लाडकी (आणि थोडी घाबरलेली),
ब्राह्मी

सातारा, ११ नोव्हेंबर

चि. ब्राह्मीस अनेक आशीर्वाद.

आधी हसलो, मग हसू आटलं. आत्या जेवताना मौन पाळायची आणि हवं-नको वाटी वाजवून सांगायची. एकदा म्हणजे पुरे, दोनदा म्हणजे पाणी. शेवटच्या दिवशी ती बराच वेळ वाजवत होती. शेजारच्या लीलाबाई अंगणातच होत्या, पण मौनात हायत, मधी कशाला जायचं, म्हणून गेल्या नाहीत. ठसका लागून जीव गेला, तरी बाईनं मौन सोडलं नाही.

काम गुंडाळ आणि इकडं ये. तुझ्याशिवाय मला कोण आहे?

तुझी वाट पाहणारे,
अण्णा

सांगली, १५ नोव्हेंबर

ती. अण्णांस सा. न.

काल वाटी वाजली तशी मी पाण्याचा तांब्या आत नेऊन ठेवला. मग एकदाच वाजली. सकाळी तांब्या रिकामा होता. भीती वाटली, पण त्याहून जास्त तिची दया आली. तिला सोबत म्हणून आता मीही जेवताना मौन धरलंय. पुस्तक संपवूनच येते.

माया असू द्यावी,
ब्राह्मी

सातारा, १९ नोव्हेंबर

चि. ब्राह्मी,

काल जेवायला बसलो. कानातलं मशीन काढून ठेवलं होतं, म्हणजे ढोल बडवला तरी कळू नये. तरी आत वाटी वाजली, दोनदा. पाणी ठेवलं, थांबली नाही. हे घर तर आत्यानं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, मग ही वाजवणारी कोण?

शेजारच्या हंबीररावांना तुला फोन लावायला सांगितलं. पोरगी उचलत न्हाई, म्हणाले.

एसटी स्टँडवरूनच लिहितोय. पत्राआधी मीच पोचेन. मौन सोड, पोरी. दार उघड आणि बोल. मला ऐकू आलं नाही तरी चालेल, पण बोल.

तुझे अण्णा