परस्पर रद्द केलेली लस

चिरंजीव,

न्यूमोनियाच्या लशीची माझी वेळ तू फोन करून परस्पर रद्द केलीस, हे मला क्लिनिकच्या खुर्चीत बसल्यावर कळलं. "मुलगा म्हणाला, आईची प्रतिकारशक्ती कमी आहे," नर्स म्हणाली. अरे शहाण्या, म्हणूनच तर घ्यायची! संधिवाताचं नवं औषध सुरू करण्याआधी ती उरकून घ्या, असं डॉक्टरांनीच बजावलंय. त्या औषधावाचून माझ्या सुजलेल्या बोटांना साधं बटणही लावता येत नाही.

"आजी, मुलाला विचारू का?"

"कशाला? हात माझा आहे," म्हणत मी बाही वर केली.

आता हात ठणकतोय. पण हे पत्र पाठवणार नाही. वाचून तू काळजीनं धावत येशील, आणि दार उघडताना मी किती खूश होते, ते तुला दिसेल.

तुझी,
सज्ञान आई